नेटवर्क स्क्रिप्टने बंद होतं, पण परत चालू होत नाही

तक्रार साधारण अशी येते. विंडोज १० किंवा ११ चं मशीन. नेट सारखं अडकतं म्हणून कुणीतरी एक बॅच फाइल (ओळीने कमांड लिहिलेली साधी स्क्रिप्ट) करून ठेवलेली असते: इथरनेट बंद कर, पाच सेकंद थांब, इथरनेट चालू कर. हाताने चालवली की काम करते. टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी विंडोजची सोय) कधी करते, कधी नाही. मग एखाद्या सोमवारी पतसंस्थेच्या तालुक्याच्या शाखेतून फोन येतो की नेटच नाही, दोनदा रीस्टार्ट करूनही येत नाही. कार्डच बंद पडलेलं, त्यामुळे रिमोटने आत शिरायचीही सोय नाही.

रीस्टार्टने हे सुटत नाही, त्याचं कारण आधी सांगतो. अ‍ॅडाप्टर (नेटवर्क कार्ड) कोडमधून डिसेबल करा नाहीतर कंट्रोल पॅनेलमधून, विंडोज ती अवस्था लिहून ठेवतं. मशीन कितीही वेळा बंद-चालू केलं तरी कुणीतरी एनेबल म्हणेपर्यंत अ‍ॅडाप्टर बंदच राहतो. म्हणजे तीन ओळींची ती स्क्रिप्ट पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये कुठेही मेली, की मशीन कायमचं नेटबाहेर. त्यामुळे प्रश्न बंद कसं करायचं हा नाहीच. बंद केल्यावर चालू करणारी ओळ नक्की पोचते का, आणि पोचली तरी तिचं काम झालं का, एवढंच शोधायचं आहे.

पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

आधी अवस्था बघा

काहीही बदलण्याआधी अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'नेटश इंटरफेस शो इंटरफेस' चालवा. जो तक्ता येतो त्यातले पहिले दोन रकाने महत्त्वाचे: 'अ‍ॅडमिन स्टेट' आणि 'स्टेट'. पहिला सांगतो की माणसाने किंवा कोडने काय ठरवलंय. दुसरा सांगतो की तारेवर प्रत्यक्ष काय आहे. हे दोन वेगळे आहेत हे एकदा नीट कळलं की अर्धा गोंधळ संपतो.

पहिल्या रकान्यात 'डिसेबल्ड' असेल तर स्क्रिप्टने बंद केलं आणि चालू करायचं राहिलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हेच 'कोड २२' म्हणून दिसतं. 'एनेबल्ड' पण 'डिस्कनेक्टेड' असेल तर स्क्रिप्टला दोष देऊ नका. केबल, स्विचचा पोर्ट किंवा ड्रायव्हर बघा. दोन्ही ठीक असून नेट नसेल तर 'आयपीकॉन्फिग' बघा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मिळालेला नाही आणि विंडोजने आपलाच एक लावून घेतलाय. आणि अ‍ॅडाप्टरचं नावच तक्त्यात नसेल तर मामला वेगळा: यूएसबी डोंगल निघालाय, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १० किंवा ४३ दिसतोय, म्हणजे कार्ड नाहीतर ड्रायव्हर खरंच आजारी आहे.

अधिकार नसताना मिळालेलं खोटं यश

विंडोज व्हिस्टापासून अ‍ॅडमिन खात्याने लॉगिन केलं तरी प्रोग्रॅम साध्या अधिकारानेच चालतो, मुद्दाम 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केल्याशिवाय पूर्ण हक्क मिळत नाहीत. नेटश निदान तोंडावर सांगतं की एलिव्हेशन (वाढीव अधिकार) लागेल. फसवतं ते डब्ल्यूएमआय, म्हणजे प्रोग्रॅमला विंडोजची माहिती आणि ताबा देणारा विंडोजचा भाग. सी-शार्पमधून 'विन३२-नेटवर्कअ‍ॅडाप्टर' या क्लासची 'डिसेबल' किंवा 'एनेबल' मेथड बोलावली आणि अधिकार नसले, तर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) येत नाही. मेथड गुपचूप ५ हा आकडा परत करते, ज्याचा अर्थ परवानगी नाकारली. यश असेल तर ०. आंतरजालावरून उचललेल्या बहुतेक कोडमध्ये हा आकडा कुणी बघतच नाही. ट्राय-कॅचमध्ये (चूक पकडणाऱ्या कोडमध्ये) काही सापडलं नाही की पडद्यावर 'नेटवर्क सुरू झाले' अशी पाटी लागते आणि कार्ड जिथल्या तिथे.

प्रोग्रॅम सगळा मिळून अ‍ॅडमिनने चालवणं हा उपाय लोक करतात, म्हणजे मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमची माहिती विंडोजला सांगणारी फाइल) 'रिक्वायर-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' लिहून. चालतं. पण काउंटरवरच्या माणसाला दर वेळी ती परवानगीची खिडकी दिसते, आणि त्याच्याकडे पासवर्ड नसला की फोन तुम्हालाच. बंद-चालू करण्याचं काम सिस्टिम खात्याच्या (विंडोजचं स्वतःचं, पूर्ण हक्कांचं खातं) शेड्युल्ड टास्ककडे किंवा छोट्या सर्व्हिसकडे द्यावं आणि पडद्यावरच्या प्रोग्रॅमने फक्त तिला निरोप द्यावा, हे मला जास्त पटतं.

टास्क शेड्युलरमध्ये 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस' ची खूण हवीच. त्याच खिडकीतल्या 'कंडिशन्स' या पानावर दोन सापळे आहेत. 'मशीन वीजजोडणीवर असेल तरच टास्क सुरू करा' अशा अर्थाची खूण मुळातच लावलेली येते, त्यामुळे लाइट गेल्यावर लॅपटॉपवर टास्क सुरूच होत नाही. आणि 'नेटवर्क उपलब्ध असेल तरच सुरू करा' ही खूण कुणी उत्साहाने लावली असेल, तर नेट चालू करणारा टास्क नेट येण्याची वाट बघत बसतो.

'इथरनेट' म्हणजे नेमकं कोणतं?

स्क्रिप्टमध्ये नाव लिहिलेलं असतं 'इथरनेट'. विंडोज ७ च्या जमान्यातली स्क्रिप्ट असेल तर 'लोकल एरिया कनेक्शन'. मशीन बदललं, कार्ड बदललं किंवा कुणी नाव बदललं की नेटश म्हणतं, या नावाचा इंटरफेस राउटरकडे नोंदलेला नाही. वाचून लोक कोपऱ्यातला वाय-फायचा डबा रीसेट करायला धावतात. त्या डब्याचा इथे काही संबंध नाही, विंडोज स्वतःच्याच एका भागाला राउटर म्हणतंय.

यूएसबीचे लॅन डोंगल इथे सगळ्यात जास्त त्रास देतात. ज्या डोंगलमध्ये सिरियल नंबर नसतो तो दुसऱ्या पोर्टात घातला की विंडोजला नवा पाहुणा वाटतो. मग 'इथरनेट २', 'इथरनेट ३' अशी नावं वाढत जातात आणि स्क्रिप्ट जुन्याच नावाला हाका मारत राहते.

नावाऐवजी काय वापरायचं? बोर्डावरच्या कार्डासाठी जीयूआयडी, म्हणजे विंडोजने कार्डाला दिलेला लांबलचक ओळखक्रमांक. ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा टाकला नाही तर तो बदलत नाही. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-साधनाच्या 'गेट-नेटअ‍ॅडाप्टर' मध्ये तो 'इंटरफेस-जीयूआयडी' म्हणून मिळतो. डोंगलसाठी मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर क्रमांक) बरा. फक्त एक लक्षात ठेवा: 'गेट-नेटअ‍ॅडाप्टर' मॅक पत्ता आडव्या रेघा घालून देतं आणि डब्ल्यूएमआय विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके घालून. एकीकडून उचलून दुसरीकडे तुलना केली तर कधीच जुळणार नाही. हायपर-व्ही (आभासी मशीन चालवायची विंडोजची सोय) असलेल्या मशीनवर खरं कार्ड आणि आभासी कार्ड यांचा मॅक एकच असू शकतो, तिथे 'गेट-नेटअ‍ॅडाप्टर -फिजिकल' ने गाळून घ्या. इंटरफेसचा अनुक्रमांक मात्र कायमचा म्हणून लिहून ठेवू नका, तो बदलतो.

सी-शार्पवाल्यांसाठी यातलाच एक खास खड्डा. डॉटनेटमधलं 'नेटवर्कइंटरफेस.गेटऑलनेटवर्कइंटरफेसेस' सगळे इंटरफेस देतं असं नावावरून वाटतं, पण डिसेबल केलेले ते देत नाही. म्हणजे यादीतून कार्ड शोधलं, बंद केलं, आणि चालू करायला पुन्हा त्याच यादीत शोधलं तर तिथे ते नसतंच. प्रोग्रॅम म्हणतो 'अ‍ॅडाप्टर सापडला नाही'. बंद करण्याआधी जीयूआयडी फाइलमध्ये लिहून ठेवा आणि चालू करताना डब्ल्यूएमआयमध्ये त्यावरून शोधा. तिथे बंद कार्डंही दिसतात.

जोडणीला देवनागरी नाव दिलेली मशीनंही पाहण्यात येतात, 'मुख्य कार्यालय' वगैरे. ऐकायला छान, पण बॅच फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली असेल तर कमांड प्रॉम्प्ट ते नाव भलत्याच अक्षरांत वाचतं. फाइलच्या सुरुवातीला 'सीएचसीपी ६५००१' लिहून बघता येतं, आणि पॉवरशेल ५.१ असेल तर फाइल बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) साठवावी लागते. सरळ जीयूआयडी वापरला की ही कटकटच उरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कमांड जशीच्या तशी चिकटवू नका, हेही सांगून ठेवतो. त्यातली वळणदार अवतरणचिन्हं पॉवरशेल चालवून घेतं, कमांड प्रॉम्प्ट नाही.

पाच सेकंद, जे कधी झालेच नाहीत

बॅच फाइलमध्ये थांबण्यासाठी 'टाइमआउट /टी ५' लिहिलेलं असतं. ही कमांड कीबोर्डकडे कान लावून बसते. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने बॅच सुरू केली आणि तिचं इनपुट वळवलेलं असलं, की 'इनपुट रीडायरेक्शन इज नॉट सपोर्टेड' म्हणून ती तिथल्या तिथे बाहेर पडते. थांबणं शून्य. बंद आणि चालू या दोन आज्ञा पाठोपाठ आदळतात आणि ड्रायव्हर पहिलं काम उरकतोय तोवर दुसरं अंगावर येतं. हाताने चालवल्यावर हे कधीच होत नाही, म्हणून सापडतही नाही. जुना उपाय अजून चालतो: 'पिंग -एन ६ १२७.०.०.१'. स्वतःलाच पिंग असल्यामुळे कार्ड बंद असतानाही चालतो आणि सहा पिंगमध्ये पाच सेकंद जातात.

आता उलट बाजू. चालू करायची कमांड यशस्वी झाली म्हणजे नेट आलं असं नाही. चोक जुना झालेल्या ट्यूबलाइटसारखं आहे ते, बटण दाबल्यावर दोन-चारदा लुकलुकून मग लागते. ड्रायव्हर उठतो, स्विचशी वेग ठरतो, मग डीएचसीपीची मागणी जाते. ऑफिसात मॅनेज्ड स्विच असेल आणि त्या पोर्टावर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (जोडण्यांचा फेरा होऊ नये म्हणून स्विच पाळतो तो नियम) चालू असेल, तर पोर्ट पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो आणि मगच माहिती पुढे सोडतो. या तीस सेकंदांत डीएचसीपीच्या सगळ्या हाका वाया जातात. विंडोज कंटाळून १६९.२५४ चा पत्ता लावतं आणि पुढची विचारणा पाच-पाच मिनिटांनी करतं.

आता स्क्रिप्टमध्ये कुणी हुशारीने लिहिलंय, 'दहा सेकंदांनी नेट नसेल तर पुन्हा बंद-चालू कर'. झालं. दहाव्या सेकंदाला नेट नसतं, कार्ड पुन्हा बंद, स्विचची तीस सेकंदं पुन्हा पहिल्यापासून. हे चक्र रात्रभर चालू शकतं आणि लॉगमध्ये दिसतं की 'नेट वारंवार जातंय'. स्विच आपल्या हातात असेल तर संगणक लावलेल्या पोर्टावर पोर्टफास्ट (ही तीस सेकंदं टाळणारं सेटिंग) चालू करा. नसेल तर स्क्रिप्टला दीड मिनिट धीर धरायला लावा. दर तीन सेकंदांनी तीन गोष्टी याच क्रमाने विचारा: 'गेट-नेटअ‍ॅडाप्टर' मधली अवस्था 'अप' आहे का, पत्ता १६९.२५४ सोडून दुसरा आहे का. आणि जिथे काम आहे त्या सर्व्हरचा पोर्ट 'टेस्ट-नेटकनेक्शन' ने उघडा दिसतो का. नुसत्या पिंगवर विसंबू नका, बऱ्याच ठिकाणी तो अडवलेला असतो. पत्ता १६९.२५४ वरच अडला असेल तर कार्ड न छेडता 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' द्या.

लॉगवरून आठवलं. काही जण इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'नेटवर्कप्रोफाइल' च्या १०००१ या नोंदीवर टास्क लावतात, म्हणजे नेट तुटलं की स्क्रिप्ट धावेल. पण स्क्रिप्टने कार्ड बंद केलं की तीच नोंद पुन्हा पडते आणि टास्क स्वतःलाच उठवतो. असा टास्क ठेवायचाच असेल तर सुरुवातीला एक खूण-फाइल तपासा, आणि ती दहा मिनिटांपेक्षा ताजी असेल तर काही न करता बाहेर पडा.

बंद केलं आणि स्क्रिप्टच नाहीशी झाली

बॅच फाइल सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवलेली असते, म्हणजे सगळ्या मशीनना एकच. सोयीचं वाटतं. पण कमांड प्रॉम्प्ट बॅच फाइल एकदम वाचून घेत नाही, एकेक ओळ वाचत पुढे जातो. पहिल्या ओळीने नेट बंद केलं की दुसरी ओळ जिथून वाचायची ती फाइलच पोचेबाहेर. चालू करायची ओळ कधी येतच नाही. 'कधी चालते, कधी नाही' यामागेही पुष्कळदा हेच असतं: काहींनी फाइल डेस्कटॉपवर उतरवून घेतलेली असते, काही शेअरवरून चालवतात. फाइल मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा.

दूरच्या मशीनवर पॉवरशेल रिमोटिंगने किंवा एसएसएचने 'डिसेबल' देऊन पाठोपाठ 'एनेबल' टाइप करायचा विचार असेल, तर दुसरी कमांड जाणार कशी? एकच कमांड द्या: 'रीस्टार्ट-नेटअ‍ॅडाप्टर'. बंद आणि चालू दोन्ही तीच करते. वेगवेगळंच करायचं असेल तर चालू करणारा टास्क आधी शेड्युल करा, पाच मिनिटांनंतरचा, आणि मगच बंद करा. 'डिसेबल-नेटअ‍ॅडाप्टर' मुळात 'खात्री आहे का?' असं विचारतं आणि उत्तर द्यायला समोर कुणी नसलं की अडतं, म्हणून '-कन्फर्म:$फॉल्स' जोडा.

माझ्या मते एक टास्क अशा प्रत्येक मशीनवर असायलाच हवा. सिस्टिम खात्याने चालणारा, मशीन सुरू होताना आणि नंतर दर दहा मिनिटांनी, ठरलेल्या जीयूआयडीचं कार्ड फक्त एनेबल करणारा. आधीच चालू असेल तर काहीच बिघडत नाही. रात्री नेट मुद्दाम बंद ठेवायचं असेल तिथे या टास्कला वेळेची चौकट घाला, नाहीतर दोन टास्क एकमेकांशी भांडत बसतील.

जुनी स्क्रिप्ट, नवं मशीन

नव्या विंडोज ११ वर 'डब्ल्यूएमआयसी' ने लिहिलेल्या स्क्रिप्ट एकाएकी 'अशी कमांडच नाही' म्हणू लागतात. ती कमांड २०२१ मध्ये मोडीत काढल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आणि आता ती मुळात बसवलेली मिळत नाही. आतलं डब्ल्यूएमआय शाबूत आहे, 'गेट-सिमइन्स्टन्स' आणि 'इन्व्होक-सिममेथड' ने तेच काम होतं. 'डिसेबल-नेटअ‍ॅडाप्टर' आणि त्याची भावंडं विंडोज ८ पासून आहेत, विंडोज ७ वर शोधू नका. सी-प्लस-प्लसमधून सेटअप एपीआयने कार्ड बंद करणाऱ्यांनी ६४ बिट विंडोजवर प्रोग्रॅमही ६४ बिटच बांधावा, ३२ बिटचा तिथे नाकारला जातो.

वाय-फायचं थोडं निराळं. नुसती जोडणी तोडायची तर 'नेटश डब्ल्यूलॅन डिस्कनेक्ट' पुरे, अ‍ॅडाप्टरला हात लावायचं कारण नाही. एनेबल करूनही वाय-फाय येत नसेल तर 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' मध्ये 'रेडिओ स्टेटस' बघा. तिथे 'सॉफ्टवेअर ऑफ' असेल तर कुणीतरी एअरप्लेन मोड दाबलाय आणि अ‍ॅडाप्टर एनेबल करून रेडिओ चालू होत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ही माहिती दाखवायला लोकेशनची परवानगी लागते, ती नसली की कमांड रुसते.

लिनक्सवर 'आयपी लिंक सेट' ने डाउन करून अप केलं आणि लिंक आली तरी नेट नाही, अशी तक्रार असते. इंटरफेस डाउन होताच त्यावरचे राउट (माहिती कोणत्या वाटेने पाठवायची त्या नोंदी), डिफॉल्ट राउटसकट, कर्नल काढून टाकतं. अप केल्यावर डिफॉल्ट राउट आपोआप परत येत नाही. नेटवर्कमॅनेजर असेल तर त्याच्याच 'एनएमसीएलआय' ने 'डिव्हाइस डिस्कनेक्ट' आणि 'डिव्हाइस कनेक्ट' करा, तो राउट पुन्हा बसवतो.

मुळात बंद-चालू करायची वेळ का येते

हे विचारल्याशिवाय स्क्रिप्ट देऊ नये, असं माझं मत. रोज सकाळी किंवा मशीन झोपेतून उठल्यावरच नेट अडकत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर जा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची मुभा काढून घ्या. अनेक मशीनवर करायचं तर 'डिसेबल-नेटअ‍ॅडाप्टरपॉवरमॅनेजमेंट' आहे. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आलेला जुनाट असेल तर कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरचा टाकून बघा.

केबल आणि डोंगल अशी दोन नेट असून 'एक चालू तर दुसरं बंद' यासाठी स्क्रिप्ट लिहिली असेल, तर बहुतेक वेळा बंद करायची गरजच नसते. 'सेट-नेटआयपीइंटरफेस' ने केबलचं मेट्रिक १० आणि डोंगलचं ५० करा. मेट्रिक कमी असेल त्या वाटेने विंडोज जातं आणि केबल निघाली की आपोआप डोंगलवर येतं. केबल जोडलेली पण पलीकडे ब्रॉडबँड मेलेलं, अशा वेळी मात्र हे चालत नाही, कारण विंडोजच्या दृष्टीने लिंक जिवंत असते. तेवढ्या प्रसंगासाठी स्क्रिप्ट ठेवा, आणि तिलाही कार्ड बंद करण्याऐवजी मेट्रिकच बदलायला सांगा. ती मध्येच मेली तरी मशीन हाताबाहेर जात नाही.

एवढं करूनही अडलं तर मदत मागताना 'नेट चालत नाही' एवढंच कळवू नका. अडलेल्या क्षणीच, रीस्टार्ट करायच्या आधी, 'नेटश इंटरफेस शो इंटरफेस', 'आयपीकॉन्फिग /ऑल' आणि 'गेट-नेटअ‍ॅडाप्टर -इन्क्लूडहिडन' यांचा निकाल फाइलमध्ये घ्या. टास्क शेड्युलरमध्ये त्या टास्कसमोरचा 'लास्ट रन रिझल्ट' हा आकडाही सोबत द्या.